दुसऱ्या वाचकाची मागणी

पुस्तकाला दुसऱ्या वाचकाची मागणी आहे, असं ग्रंथालयातल्या गृहस्थांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. आमच्याकडे मागणी मुलीला येते. पुस्तकाला आलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिसऱ्यांदा तेच वाक्य कानावर पडलं तेव्हा मात्र त्या दुसऱ्या वाचकाला समोर उभं करून चार शब्द सुनवावेत, असं मला मनापासून वाटलं. माझा स्वभाव तापट आहे हे घरी सगळ्यांना माहीत आहे. शाळेतही आहे.

मी विरारला एका शाळेत मराठी शिकवते आणि मनवेलपाड्यात राहते. एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचा राहिला आणि माझं लग्न झालं, त्याला आता एकवीस वर्षं झाली. मध्यंतरी विद्यापीठानं अशा अर्धवट सुटलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी दिली. एप्रिलअखेर प्रबंध दिला तर पदवी, नाही दिला तर नोंदणी कायमची रद्द. माझी मार्गदर्शक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. ती मला मॅडम म्हणते आणि मी तिला मॅडम म्हणते, त्यामुळे कोण कोणाला शिकवतंय ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

विषय जुनाच ठेवला, आमच्या किनाऱ्यावरची लग्नातली गाणी. माझं माहेर जूचंद्रचं. तिथं हळदीला, मांडवाला बायका जी गाणी म्हणतात त्यांना धवले म्हणतात, आणि ती मी लहानपणापासून ऐकत आले. या गाण्यांवरचं एकच धड पुस्तक मला माहीत आहे. ते आता छापत नाहीत, आणि विद्यापीठाच्या आमच्याकडच्या केंद्राच्या ग्रंथालयात त्याची एकच प्रत आहे. माझी सगळी भिस्त त्या प्रतीवर. झेरॉक्स काढायला परवानगी नाही, कारण पुस्तक उघडून दाबलं की पानं सुटतात. मोबाईलवर चाळीसेक पानांचे फोटो काढून पाहिले, पण तळटिपा एवढ्या बारीक की दोन दिवसांत डोळे चुरचुरायला लागले.

ग्रंथालयात शिरल्यावर उजवीकडे ‘देवघेव’ अशी पाटी लावलेला काउंटर आहे. मी शनिवारी शाळा सुटली की दुपारी जायचे. तेव्हा तिथं एक वयस्कर गृहस्थ असायचे. संगणकाच्या पडद्यावर जे येईल ते सगळं ते मोठ्यानं वाचून दाखवत. नियम त्यांना तोंडपाठ होते. पुस्तक पंधरा दिवस घरी न्यायचं. दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर दर वेळी आणखी पंधरा दिवसांचं नूतनीकरण. मागणी असेल तर निमूट परत करायचं आणि हवं असल्यास रांगेत आपलं नाव पुन्हा लावायचं. आपली पाळी आली की मोबाईलवर संदेश येतो.

नोव्हेंबरपासून माझं हेच चाललं होतं. पंधरा दिवस पुस्तक माझ्याकडे, पंधरा दिवस त्या दुसऱ्या वाचकाकडे. मी परत केलं की तिकडे जायचं, तिकडून आलं की माझ्याकडे. रांगेत तिसरं कोणी नव्हतं. एवढ्या मोठ्या केंद्रात, हजारो मुलं येत-जात असताना, या धूळ खात पडलेल्या पुस्तकाच्या मागे नेमके आम्ही दोघंच का लागलो होतो, ते मला कळेना. तीन पानं वाचून एखादा धागा हाती लागायचा आणि परत करायची तारीख यायची.

शिवाय पुस्तक परत यायचं ते कव्हर घालून. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, पांढरी बाजू वर ठेवून, कोपरे नीट दुमडून घातलेलं कव्हर. त्याखाली बारकोड झाकला जायचा, म्हणून काउंटरवरचे गृहस्थ ते फाडून टाकायचे आणि मगच पुस्तक माझ्या हातात द्यायचे. तिसऱ्या वेळी पाहते तो कव्हरला ब्लेडनं एक चौकोनी खिडकी कापलेली, बरोबर बारकोडएवढी. गृहस्थांनी कौतुकानं ते कव्हर तसंच राहू दिलं. मला आणखी राग आला. हा माणूस पुस्तक वाचायला नेतो की नटवायला, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं.

"त्यालाही तुझ्याबद्दल असंच काहीतरी वाटत असेल," नवरा म्हणाला. त्याचं डोकं नेहमी थंड असतं आणि त्याचा मला आणखी त्रास होतो. मी कव्हर काढून कचऱ्यात टाकलं.

फेब्रुवारीत मी गृहस्थांना सरळ विचारलं, की हा दुसरा वाचक कोण. मी भेटेन, आम्ही आपसात ठरवून घेऊ. ते म्हणाले, वाचकाची माहिती देता येत नाही. मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी.

"बाई आहेत," ते हळूच म्हणाले. "तुमच्याच विभागाच्या विद्यार्थिनी आहेत. विषयही हाच दिसतोय. हे मी सांगायला नको होतं."

मी तिथूनच मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. लग्नगीतांवर आणखी कोणी काम करतंय का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, विभागात या विषयावर तुम्ही एकट्याच आहात, सुरुवातीला पुस्तकांची यादी मीच ग्रंथालयाला कळवली होती, ती फक्त तुमच्यासाठी. आता माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. विभाग म्हणतो मी एकटी. ग्रंथालय म्हणतं दुसरी आहे. जी नाही तिच्या घरी पुस्तक पंधरा-पंधरा दिवस राहतंय आणि ती त्याला खिडकीचं कव्हर घालतेय. रात्री भाजी चिरताना मी तिची कल्पना करायचे. कधी ती तरुण आणि हुशार असायची, सगळं माझ्याआधी लिहून मोकळी होणारी. कधी निवृत्त झालेली, वेळ जात नाही म्हणून शिकणारी. दोघीही मला सारख्याच नकोशा होत्या.

याच दिवसांत जूचंद्रहून बाबांचा फोन यायचा. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, वालीवच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली. फोनवर ते फार बोलत नाहीत.

"बाय, तुजं पुस्तक आनून ठेवलंय. येऊन ने," ते म्हणायचे.

माझी शाळेतली आणि कॉलेजातली पुस्तकं त्यांनी माळ्यावर ट्रंकेत जपून ठेवली आहेत, आणि ती घेऊन जा म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागलेले आहेत. मला वाटलं, माळा साफ करताना त्यातलंच एखादं खाली काढलं असेल.

"राहू द्या तिथंच. सुट्टीत येते," मी म्हणायचे. सुट्टी आली की प्रबंध असायचा.

मार्च उजाडला. प्रबंधाची दोन प्रकरणं बाकी होती आणि पुस्तक तिकडे होतं. मंगळवारी परत यायला हवं, एवढं गृहस्थांनी सांगितलं होतं. मी मंगळवारची रजा टाकली. ती बाई पुस्तक परत करायला येईल तेव्हा तिला गाठायचं आणि हात जोडून किंवा भांडून, जसं जमेल तसं, एप्रिल संपेपर्यंत रांगेतून बाजूला व्हायला लावायचं, असा बेत होता. काय बोलायचं ते मी रिक्षात मनाशी घोकत होते. सुरुवात नम्रपणे करायची ठरलं होतं.

दहाच्या आधीच जाऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसले. शनिवार सोडून इतर दिवशी तिथं एक बाई असतात, त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन मुलं आली, गेली. एक प्राध्यापक येऊन वर्तमानपत्र चाळून गेले. मग दारातून बाबा आत आले.

बाबा इथं म्हणजे घरी काहीतरी झालंय आणि ते मला शोधत आलेत, एवढंच मला सुचलं. मी उठून धावतच गेले.

"बाबा, आई बरी आहे ना?"

"तिला काय झालंय? बरी हाय," बाबा म्हणाले. मला पाहून तेही चक्रावले होते. "तू कशाला आलीस काम सोडून? मी करतोय ना."

काय करताय, हे विचारायच्या आत ते काउंटरपाशी पोहोचलेही होते. काउंटरवरच्या बाईंनी "आलात का काका" असं ओळखीचं हसून म्हटलं. बाबांनी कापडी पिशवीतून एक पुस्तक काढलं. त्याला कॅलेंडरच्या कागदाचं पांढरं कव्हर होतं. कव्हरला खिडकी होती.

"काका, आजही नूतनीकरण नाही होणार हं," बाई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या बाईंची मागणी आहेच."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एरवी चढत नाही, तो चढला.

"बघ. एक बाई हाय. सोडतच नाय. दर टायमाला तुज्या पुस्तकाच्या मागं लागलीय ती."

त्या क्षणी मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. आधी वाटलं, हसावं. मग आठवलं, की त्या दुसऱ्या वाचकाला मी चार महिने काय काय म्हणत होते. मग ते कव्हर, जे मी कचऱ्यात टाकलं होतं. माझ्या शाळेच्या पुस्तकांना दरवर्षी जूनमध्ये बाबाच कव्हरं घालायचे, असेच कोपरे आत घेऊन. ते दुमडणं मी दहा वर्षं रोज हातात धरलं होतं आणि मला ते ओळखू आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, ती बाई मीच आहे," मी म्हटलं.

बाबांना ते पटेना. काउंटरवरच्या बाईंनाही पटेना. त्यांनी संगणकावर दोन्ही खाती शेजारी शेजारी उघडली. दोन वेगळी नावं, दोन वेगळी वडिलांची-नवऱ्याची नावं, दोन वेगळी आडनावं. एकातलं एक अक्षर दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

इथं मला माझ्या लग्नाबद्दल सांगावं लागेल. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी ते आधीच ठरवलं होतं. आडनाव बदलणार हे मला माहीत होतं, पहिलं नावही जाईल याची मला ताट समोर येईपर्यंत नीट कल्पना नव्हती. नाव चांगलं होतं. गोड होतं. मी त्याला ओ द्यायला शिकले, आधार कार्डावर, पगारपत्रकावर, मुलीच्या दाखल्यावर तेच आलं. बाबांनी मात्र ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. सुरुवातीला घरच्या फोनवर ते फक्त विचारायचे, "ती हाय का घरात?" जुन्या नावानंही त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही. सासरी ऐकलं तर बरं दिसणार नाही, असं त्यांना वाटत असावं. मला ते नुसतं ‘बाय’ म्हणू लागले.

विभागानं माझी जुनी नोंदणी जिवंत केली तेव्हा ती माहेरच्या नावानं झाली, कारण जुन्या गुणपत्रिका त्याच नावाच्या. त्या फॉर्ममध्ये पालकांचा मोबाईल भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पालकांचा मोबाईल, म्हणून मी हसत हसत बाबांचा नंबर टाकला होता. मॅडमनी दिलेली पुस्तकांची यादी ग्रंथालयानं त्या नोंदणीवर चढवली आणि मागणी लावून टाकली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आपली आधार कार्ड घेऊन गेले आणि सासरच्या नावानं नवं खातं उघडलं. तेव्हापासून मीच माझ्या पुढे आणि मीच माझ्या मागे रांगेत उभी होते.

संदेश बाबांच्या मोबाईलवर जात होते. पहिला आला तेव्हा आईनं तो ऐकून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. पोरीच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, आता ही कोणाची मागणी, असं ती विचारत राहिली. बाबांनी तिला समजावलं, की पोरीनं शिक्षण पुन्हा धरलंय आणि पुस्तकं आणायला आपला नंबर दिलाय. त्यांच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"पण त्यांनी तुम्हाला पुस्तक दिलं कसं?" मी विचारलं. "वाचकानं स्वतः यावं लागतं."

बाबांनी पिशवीतून प्लास्टिकची एक पारदर्शक थैली काढली. तिच्यात माझं जुनं ग्रंथालयाचं कार्ड होतं आणि घडीवर विरलेला एक कागद. मी तो उघडला. अक्षर माझं होतं, आताच्यापेक्षा गोल आणि सुबक. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मला कावीळ झाली होती, तेव्हा लिहून दिलेलं पत्र. ‘मला येणे शक्य नसल्यामुळे माझी पुस्तके माझ्या वडिलांकडे द्यावीत, ही नम्र विनंती.’ खाली माझी जुनी सही.

"मुदत लिहिलेली नव्हती त्यावर," काउंटरवरच्या बाई जराशा ओशाळून म्हणाल्या. "आणि नोंदणी चालू होती. म्हणून देत गेले."

मी बाबांना विचारलं, मला नीट सांगितलं का नाही. ते म्हणाले, सांगितलं की, दर टायमाला फोन केला. तू म्हणायचीस राहू द्या तिथंच. मग तारीख आली की नेऊन द्यायचो आणि परत नाव लावायचो. कामात असशील, कवातरी येशीलच. रिक्षानं ये-जा करायला त्यांना दीड तास लागत होता.

"वाचलंत का पुस्तक?"

"गानी वाचली. बाकीचं काय समजत नाय," ते म्हणाले. "आपल्याकडचं एक चुकीचं छापलंय. तुला सांगायचं व्हतं."

बाईंनी एक फॉर्म काढला. दोन्ही खाती एक करायची असतील तर लेखी द्यावं लागतं, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. प्रबंधावर नोंदणीतलंच नाव येणार, म्हणून जुनं खातं राहील आणि नवं बंद होईल. मागणी आपोआप जाईल आणि पुस्तक एप्रिलअखेरपर्यंत माझ्याकडे ठेवता येईल. कुठलं नाव ठेवायचं ते नियमानंच ठरवलं, याचं मला बरंच वाटलं. मला विचारलं असतं तर मी आणखी चार महिने तिथंच उभी राहिले असते.

फॉर्मवर जुनी सही करायची होती. एकवीस वर्षांनी केली ती कशीबशी उमटली. बाईंनी ती बाबांनी आणलेल्या पत्रावरच्या माझ्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली.

"जुळत नाहीये हो."

ते मलाही दिसत होतं. मी दुसऱ्यांदा केली, ती त्याहून वाईट आली. माझीच सही मला करता येत नव्हती आणि माझ्या मागे मुलांची रांग वाढत होती. माझे डोळे भरून आले, रागानं की कशानं ते मला आजही कळलेलं नाही.

"साक्षीदार चालेल," बाई म्हणाल्या. "पण दोन्ही नावांनी ओळखणारा हवा. नावं त्यांनी स्वतः लिहायची."

बाबांनी चष्मा लावला आणि पेन मागितलं. पहिल्या ओळीवर त्यांनी माझं माहेरचं नाव लिहिलं, पूर्ण, सावकाश. मग पेन थांबलं. मी दुसरं नाव सांगायला पुढे झाले. त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं आणि माझं सासरचं नाव लिहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

"तुम्हाला येतं?" मी विचारलं.

"ताटात वाचलं व्हतं," बाबा म्हणाले आणि खाली त्यांनी आपली सही केली.

बाईंनी शिक्का मारला. पुस्तक माझ्या नावावर चढवलं, कव्हर तसंच ठेवून.

"मोबाईल नंबर बदलून घ्यायचा ना? हा तुमच्या वडिलांचा आहे."

बाबा पिशवीची घडी घालत होते, ते थांबले.

"नको, तोच राहू द्या," मी म्हटलं. "आणि त्यांचं पत्र फार विरलंय. नवं लिहून देते."

नव्या पत्राचा आता छापील नमुना मिळतो. मी पुन्हा एकदा ती कशीबशी सही केली, वडिलांचं नाव लिहिलं आणि तारखेच्या ओळीवर आले. कधीपासून, तिथं त्या दिवसाची तारीख घातली. कधीपर्यंत, ही जागा मी मोकळी सोडली. बाईंनी तिकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि पत्र तसंच फाईलला लावलं.